दगडाबाईच्या नावे

मी, आश्रुबा मारोतराव घुंबरे, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे अडुसष्ट आणि आईच्या सांगण्याप्रमाणे सत्तर, मूळ राहणार पेडगाव, ता. परभणी, हल्ली मुक्काम सेलू, धंदा सेवानिवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय आणि सकाळचा दुसरा चहा झाल्यावर लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. एकदा आजारपणात वहीच्या मागच्या पानावर काही ओळी लिहिल्या होत्या, पण ताप उतरल्यावर त्या मलाच वाचता आल्या नाहीत, म्हणून त्या रद्द समजाव्यात.

माझी तब्येत ठणठणीत आहे. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचा दाखला देतो, तसा यंदाही दिला. तेव्हा हे मृत्युपत्र पाहून कोणी घाबरून पुण्याहून गाडी करून येऊ नये. मी तीस वर्षे कार्यालयात पगारबिलाच्या टेबलावर काम केले. दर फेब्रुवारीला साऱ्यांचे आयकराचे तक्ते मी भरून दिले आणि प्रत्येकाला सांगत आलो की कागद माणसाच्या आधी तयार पाहिजेत. तेच आता स्वतःला लागू करतो आहे. करायला उशीर का झाला ते पुढे कलम तीनमध्ये येईल.

माझ्या कुटुंबात पत्नी दगडाबाई, मुलगा योगीराज, सून पंकजा, नात साक्षी आणि मुलगी निकिता इतकी माणसे आहेत. पेडगावला धाकटा भाऊ गोपीचंद आहे. माझ्या काही जुन्या कागदांत राजेश्री नावाच्या एका बाईचा उल्लेख सापडेल. तिच्याबद्दल लगेच गैरसमज करून घेऊ नये, तिचाही खुलासा पुढे आहे.

कलम १. घर. सेलूचे तीन खोल्यांचे घर, मागची मोरी, पुढचा ओटा, कडुनिंब आणि गच्चीवरची टाकी यांसह, मी दगडाबाईला पूर्ण मालकीने देतो. पूर्ण मालकी हा शब्द मी विचार करून घातला आहे. आमच्याकडे मृत्युपत्रात बायकोला ‘हयातभर राहण्याचा हक्क’ लिहून देण्याची पद्धत आहे. त्याचा अर्थ इतकाच होतो की घर पोरांचे आणि म्हातारी पाहुणी. मी असे कागद पुष्कळ वाचले आहेत आणि अशा पाहुण्या बायकाही पाहिल्या आहेत. घर तिचे. विकावे, भाड्याने द्यावे, कडुनिंब तोडावा, तिची मर्जी. कडुनिंब तोडू नये अशी माझी विनंती आहे, पण ती विनंतीच समजावी.

कलम २. पैसे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत पंधरा लाख आहेत. ते निवृत्तीच्या वेळी मिळालेले आहेत, त्यातून मी एकही पैसा मोडलेला नाही. पीपीएफ खात्यात सहा लाखांच्या वर काही आहेत, पासबुक पाहावे. बँकेतल्या दोन मुदतठेवी आहेत. या सर्व ठिकाणी नॉमिनी म्हणून दगडाबाईचे नाव आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मी लोकांना सांगून सांगून घसा बसवून घेतला आहे. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेऊन खऱ्या वारसापर्यंत पोचवणारा. तेव्हा उद्या कोणी दगडाबाईला ‘तुझ्या हाती आले, पण आमचा वाटा कुठाय’ असे विचारू नये म्हणून येथे स्पष्ट लिहितो की पोस्टातली आणि पीपीएफची रक्कम तिचीच आहे, नॉमिनी म्हणूनही आणि मालक म्हणूनही. मुदतठेवी योगीराज आणि निकिता यांनी निम्म्यानिम्म्या घ्याव्यात. निम्म्या म्हणजे निम्म्या. लग्नात निकिताला काय दिले आणि योगीराजच्या शिक्षणाला काय लागले, ही जुनी गोष्ट कोणी काढू नये. माझ्याकडे दोन्हींचा हिशेब आहे आणि तो मी मुद्दाम फाडून टाकत आहे.

दगडाबाईने बँकेत दर एप्रिलला पंधरा एच फॉर्म भरायला विसरू नये, नाहीतर व्याजावर उगाच कर कापला जातो आणि मग तो परत मागत बसावे लागते. हा फॉर्म कसा भरायचा ते कोणालाही तिला वाचून दाखवता यावे म्हणून मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवले आहे.

कलम ३. जे मला देता येत नाही ते. माझ्या सर्व मिळकतीत सर्वांत मोठी गोष्ट घर नाही आणि ठेवीही नाहीत. ती आहे पेन्शन. मी गेल्यावर तिच्या साधारण साठ टक्के पैसे माझ्या पत्नीला मरेपर्यंत मिळतात, त्याला कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात. दगडाबाईचे म्हातारपण त्याच्यावरच उभे आहे. पण ही एकच गोष्ट मृत्युपत्राने देता येत नाही. मी इथे शंभर वेळा लिहिले तरी ती देता येत नाही. ज्या बाईचे नाव पेन्शनच्या कागदावर आहे, तिलाच ती मिळते, आणि माझ्या पेन्शनच्या कागदावर नाव होते राजेश्री.

आता राजेश्रीची हकीकत. सन १९८२ च्या मे महिन्यात माझे लग्न बोरीला झाले. मला नोकरी लागून दोन वर्षे झाली होती. कार्यालयात सगळ्यांच्या बायकांची नावे सुनंदा, शोभा, मंगला अशी, आणि माझ्या वाट्याला आलेली मुलगी दगडाबाई. साहेबांनी विचारले तर काय सांगू, या विचाराने मला हळद लागल्यापासून घाम येत होता. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायचे असते. मी वळणदार अक्षरात राजेश्री लिहिले. माझ्या बहिणींनी ते मोठ्याने वाचले आणि त्या खूश झाल्या. दगडाबाईने ते नाव ऐकले आणि तळहाताने तांदूळ सारखे करून टाकले. सगळ्यांना वाटले की पोरगी लाजली. मलाही तसेच वाटले, आणि सुट्टी संपल्यावर सोमवारी मी सेवापुस्तकात काळ्या शाईने पत्नी म्हणून राजेश्रीची नोंद करून घेतली.

लग्नानंतर त्या नावाने तिला कोणीही हाक मारली नाही. माझ्या आईच्या तोंडी ते बसले नाही, बोरीच्या माणसांनी ते मानलेच नाही, आणि आमच्यात नवरा बायकोचे नाव घेत नाही. मी ‘अगं’ म्हणायचो, पुढे ‘योगीराजची आई’ म्हणायचो. राजेश्री घरात फक्त भांडणापुरती आली. भाजीत मीठ कमी म्हटले की दगडाबाई म्हणायची, “राजेश्रीनं केली असंल. तिला इचारा.” सदऱ्याचे बटण तुटले की, “राजेश्री शिवून दील, सेवापुस्तकात हाय ना ती.” लेकरांना लहानपणी खरेच वाटायचे की या नावाची कोणी आत्या आहे.

पुढे आधारचे शिबिर भरले तेव्हा मी कार्यालयात होतो. दगडाबाई एकटी रांगेत उभी राहिली आणि नाव विचारल्यावर तिने आपले खरे नाव सांगितले. त्यावरून पॅनकार्ड, त्यावरून बँकेचे खाते, त्यावरून पोस्टातले नॉमिनी. सगळीकडे दगडाबाई. सन २०१५ मध्ये मी निवृत्त झालो. आमच्या कार्यालयातून त्या ३१ मे रोजी एकाच वेळी सात जण निवृत्त झाले, कारण आमच्या साऱ्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांची जन्मतारीख एक जून लिहून टाकली होती. हार तीनच आणले होते, ते फिरवून फिरवून घातले. त्या गडबडीत माझे पेन्शनचे कागद मीच तयार केले आणि पत्नीचे नाव सेवापुस्तकातून जसेच्या तसे उतरवले. दुसऱ्याचे कागद असते तर मी आधारशी ताडून पाहिले असते आणि लाल शेरा मारून परत पाठवले असते.

ही चूक लक्षात यायला नऊ वर्षे गेली. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये माझे जुने सहकारी दत्तराव वारले. त्यांच्या कागदावर वारस म्हणून त्यांच्या आईचेच नाव राहिले होते, आणि ती माउली जाऊन वीस वर्षे झाली होती. गीताबाई, म्हणजे दत्तरावांच्या पत्नी, हातात पिशवी घेऊन खेटे घालत होत्या. मी त्यांना मदत करायला गेलो आणि जाता जाता मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “दत्तरावला मी किती वेळा सांगितलं व्हतं.” घरी येऊन सहज म्हणून स्वतःची फाईल उघडली आणि राजेश्री समोर आली. मी तसाच पलंगावर बसलो. मी आज गेलो तर सरकार राजेश्रीला शोधणार, आणि दगडाबाईला विचारणार की बाई तू कोण.

कलम ४. यात मृत्युपत्राचा भाग थोडा आणि माझी कबुली जास्त आहे, पण ती लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मी तहसीलसमोर बॉन्डपेपर लिहून देणाऱ्या महारुद्रकडे गेलो. हुशार पोरगा आहे. त्याने फाईल पाहिली आणि आधी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “काका, दुसरं लगीन केल्तं का?” मी नाही म्हटल्यावर त्याला हायसे वाटले. तो म्हणाला, “मग सोपं हाय. जुन्या कार्यालयातून तुमची नोंद दुरुस्त करायची म्हनलं तर वरीस जातंय. त्यापरीस काकूचंच नाव गॅझेटला बदलून राजेश्री करू. आधार, पॅन सगळं राजेश्री. महिन्यात काम.”

मला ते पटले. घरी येऊन मी दगडाबाईला सांगितले. ती ओट्यावर बाजरी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

“मी नाव न्हाई बदलनार,” ती म्हणाली.

“अगं, नुसतं कागदावर.”

“तुमी कागदावरच राहता. मला ठावं हाय कागदावर म्हंजे काय.”

मी तिला आकडे सांगितले. महिन्याला किती, वर्षाला किती, ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर वाढ किती. महागाई भत्ता समजावून सांगितला. माझे वय, तिचे वय, आमच्यात मी आधी जाणार हे जवळपास ठरलेले, सगळे समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“तुमच्या माघारी मी उपाशी ऱ्हाईन,” ती म्हणाली, “पर तिच्या नावचं खानार न्हाई.”

मग दुसरा रस्ता धरला. प्रतिज्ञापत्र झाले. दोन ओळखीच्या माणसांचे जबाब झाले. जुन्या कार्यालयात प्रस्ताव गेला आणि तिथून प्रश्न आला की दगडाबाई हे नाव लग्नाआधीपासूनचे असल्याचा पुरावा काय. शाळेत ती कधी गेली नाही. वडिलांचे रेशनकार्ड उंदरांनी खाल्ले होते. लग्नाची पत्रिका होती, पण ती आमच्या बाजूची, मीच छापून घेतलेली होती आणि तिच्यावर अर्थातच मी आधीच ठरवलेले राजेश्री हे नाव होते. शेवटी महारुद्र म्हणाला, “पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहायचा, ती बाडं जिंतूरच्या तहसिलीत असतील.” म्हणून जानेवारीत आम्ही दोघे एसटीने जिंतूरला गेलो. बरोबर दशम्या बांधून नेल्या होत्या.

तिथल्या लिपिकाने फार मेहनत घेतली, त्याचे नाव विचारायचे राहिले याची रुखरुख आहे. मौजे बोरीची चार-पाच वर्षांची बाडे काढून तो दगडाबाईच्या वडिलांचे नाव शोधू लागला आणि सापडेल ते वाचून दाखवू लागला. पहिली नोंद मृत्यूची होती. आसाराम, वय आठ महिने. दुसरी मृत्यूची. सुंदर, वय दोन वर्षे. तिसरीही मृत्यूची. मुलगी, वय सहा दिवस, नाव ठेवलेले नाही. मग सन १९६२ च्या बाडात जन्माची नोंद निघाली. मुलगी, आणि पुढच्या रकान्यात नाव, दगडाबाई.

लिपिक खूश झाला, मी खूश झालो, मी नक्कल मागण्याचा अर्ज लिहायला बसलो. दगडाबाई बाकावर बसली होती ती उठलीच नाही.

“आई सांगायची ते खरंच हाय तर,” ती म्हणाली.

मी विचारले, काय सांगायची.

“तीन गेले माज्या आधी. मंग आई म्हनली, आता चांगलं नाव ठेवायचंच न्हाई. देवानं बघितलं तर त्याला वाटावं, दगडच हाय पडलेला, न्यायासारखं काय न्हाई. म्हनून मला दगडा म्हनले. म्हनून मी ऱ्हायले.”

“मला कधी सांगितलं नाहीस?”

“तुमी कधी इचारलं?”

मी पगारबिलाच्या टेबलावर तीस वर्षे बसलो. हजारो नावे आधारशी, पॅनशी, पासबुकाशी ताडून पाहिली, एका काना-मात्रेसाठी माणसे परत पाठवली. आणि ज्या नावाने एक लेकरू जगवले, ते नाव मी साहेब हसतील म्हणून अंगठीने पुसले होते. त्या दिवशी जिंतूरच्या त्या खोलीत मला स्वतःची लाज वाटली. ही गोष्ट मी आजवर तिला बोललो नाही, येथे लिहीत आहे. परतीच्या गाडीत तिने दशमी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या पुढ्यात ठेवली. राजेश्रीचे नाव तिने त्या दिवशी काढले नाही.

कलम ५. शेत आणि गोपीचंद. पेडगावच्या शेतात माझ्या वाट्याचे दोन एकर दहा गुंठे आहेत. ते योगीराज आणि निकिता यांना समान द्यावेत. मात्र गोपीचंद हयात आहे तोवर तोच कसेल आणि दरवर्षी एक पोते ज्वारी आणि दहा किलो तूरडाळ दगडाबाईला पोचवेल. शिवाय जानेवारीत हुरड्याला सगळ्यांना बोलवावे लागेल. ही अट कायद्याने टिकते का मला माहीत नाही, पण गोपीचंद ती पाळेल.

गोपीचंदशी माझे बोलणे बारा वर्षे बंद आहे. त्याचे कारण त्याने गावात वेगळे सांगितले आहे, खरे असे आहे. तो शेतीबरोबर जिनिंगला कापूस मिळवून देऊन कमिशन घ्यायचा. शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो हे त्याला कळले आणि त्याने कमिशनही शेतीतच दाखवायला सांगितले. मी म्हटले, कमिशन झाडाला लागत नाही. तो म्हणाला, “तू भाऊ हायस का सरकार?” आणि निकिताच्या लग्नाला आला नाही. त्या वेळी त्याचे विवरणपत्र मीच भरत होतो. मी ते खरे भरले. कमिशनवरचा कर तीन वर्षांत मिळून अकरा हजार चारशे झाला, तो त्याला न सांगता माझ्या खिशातून भरला. ती चलने निळ्या फाईलमध्ये आहेत. ते पैसे मी त्याला माफ करतो. लग्नाला न आल्याचे मात्र माफ करायला मला अजून थोडा वेळ लागेल, त्याने माझ्या मरणाची वाट न पाहता या संक्रांतीला यावे.

कलम ६. योगीराजसाठी. याला वेगळी मालमत्ता नाही, सल्ला आहे. योगीराज पुण्यात चांगला कमावतो. त्याच्याकडे मोबाईल हप्त्यावर, टीव्ही हप्त्यावर, गाडी हप्त्यावर आणि मागच्या दिवाळीत पायातले बूटही तीन हप्त्यांत घेतले होते. मी बचतीचे विचारले तर म्हणतो, “बाबा, आता बारा लाखापर्यंत टॅक्सच न्हाई. मंग कशाला अडकवायचे पैसे?” आमच्या वेळी मार्च आला की लोक कर वाचवायला घाईघाईने पोस्टात पैसे टाकायचे, शिव्या देत टाकायचे, आणि त्याच पैशांवर पुढे त्यांची म्हातारपणे निघाली. आता कराची भीती गेली आणि तिच्याबरोबर बचतही निघून गेली. तुला पेन्शन नाही, बाळा. तुझ्या कंपनीत साठाव्या वर्षी हारसुद्धा मिळेल का शंका आहे. जो कर वाचला तो दर महिन्याला बाजूला टाकत जा, पगार आला त्याच दिवशी, महिनाअखेरीला उरेल ते टाकू असे म्हणू नको. उरत नाही. पंकजाला हे समजते, तिच्या हाती दे. साक्षीच्या नावे सुकन्या खाते मी चालवत होतो, ते तू चालव, दरवर्षी किमान रक्कम भरायची चुकवू नको.

आणि तुझ्या कंपनीच्या कागदावर नॉमिनी कोण आहे ते आज बघ. लग्नाआधी माझे नाव टाकले होतेस, मला चांगले आठवते.

कलम ७. वस्तू. बारा आकडी कॅल्क्युलेटर आणि पंचिंग मशीन निकिताला. ती परभणीला दवाखान्यात परिचारिका आहे, तिच्याकडे कागद फार असतात आणि ते सगळे ती यू-पिनेत अडकवते हे मला बघवत नाही. सागवानी टेबल गीताबाईंना, त्यांच्या नातवाला अभ्यासाला. त्यांना आता पेन्शन सुरू झाली आहे आणि त्या मला भेटल्या की मी दत्तराव असल्यासारख्या रागावतात. स्टीलची पट्टी, लाल पेन आणि शाईचा पॅड महारुद्रला. तो पट्टी घेऊन ओळी मारतो, पण वाकड्या मारतो. माझा स्वेटर कोणाला द्यावा हे दगडाबाईने ठरवावे, तो तिला कधीच आवडला नाही.

कलम ८. मी गेल्यावर करायच्या गोष्टी. मृत्यूचे दाखले दहा प्रतींत काढावेत, पाच पुरत नाहीत. बँकेला लगेच कळवावे. त्यानंतर माझ्या कार्डाने एटीएममधून पेन्शन काढू नये, नंतर ती व्याजासह परत द्यावी लागते आणि रडत्या घरात वसुलीची नोटीस येते. मेलेल्या माणसालाही त्या वर्षाचे आयकर विवरणपत्र भरावे लागते, ते निकिताने वारस म्हणून भरावे. परतावा मिळणार असेल तर तो अगदी थोडा असेल, तरी सोडू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी निकिताची नेमणूक करतो. योगीराजने रुसू नये, त्याला चार पासवर्ड लक्षात राहत नाहीत.

कलम ९. कलम तीनचा निकाल. गेल्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला पेन्शनचा दुरुस्त आदेश आला. चौदा महिने लागले. त्याशिवाय मृत्युपत्र लिहायला माझा हात धजत नव्हता, कारण सगळे देऊन झाल्यावर जे सर्वांत मोठे ते तिला मिळणार नव्हते. निकिता त्या दिवशी घरी होती, तिने आदेश मोठ्याने वाचला. कुटुंब निवृत्तिवेतनास पात्र, श्रीमती दगडाबाई आश्रुबा घुंबरे, नाते पत्नी. खाली बारीक अक्षरात होते की पूर्वीची ‘राजेश्री’ ही नोंद कमी करण्यात येत आहे.

दगडाबाई भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता विचारले, “गेली का ती?”

निकिता म्हणाली, “गेली, आई.”

“तिरेचाळीस वरसं ऱ्हायली,” दगडाबाई म्हणाली. “बिचारी लय गरीब व्हती. एकदा सुदीक भांडली न्हाई.”

आदेशाच्या चार झेरॉक्स काढल्या आहेत. एक बँकेत, एक पोस्टात, एक निळ्या फाईलमध्ये. चौथी दगडाबाईने स्वतःकडे मागून घेतली. तिला वाचता येत नाही, पण आपले नाव कोणत्या ओळीत आहे ते तिने निकिताकडून बोट ठेवून घेतले आणि ती प्रत साडीच्या घडीत ठेवली.

शेवटी. वरील सर्व मजकूर मी दोन साक्षीदारांसमोर ओट्यावर बसून मोठ्याने वाचला, कारण वाचल्याशिवाय सही करू नये असे मी आयुष्यभर लोकांना सांगितले आहे. वाचायला लागलो तेव्हा तिसऱ्याच परिच्छेदात तिच्या नावाशी अडलो. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली, चौदा महिने मी तिच्या नावासाठी दारोदार फिरलो, पण ते नाव मी तिच्यासमोर एकदाही तोंडाने उच्चारले नव्हते. कागदावरच लिहीत होतो. मग नीट, स्पष्ट म्हटले, दगडाबाई.

आतून, स्वयंपाकघरातून, “ओ” आली.

ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काय पायजे?” मला काहीच नको होते. मी तिला बस म्हणालो आणि पुढचे वाचले. पुढे जिथे जिथे तिचे नाव आले तिथे मी ते जरा सावकाश वाचले, आणि वाचून झाल्यावर सही केली.

ठिकाण: सेलू, जि. परभणी
दिनांक: ८ डिसेंबर २०२५

लिहून देणार
आश्रुबा मारोतराव घुंबरे (सही)

साक्षीदार
आम्ही खाली सही करणार लिहून देतो की आश्रुबाकाका यांनी वरील मजकूर आमच्यासमोर वाचला, त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते, आणि त्यांनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली. त्यांनी नाव घेतल्यावर आतून आलेली ओ आम्ही दोघांनीही ऐकली.

१. महारुद्र नामदेव ढवळे, बॉन्डलेखक, रा. सेलू (सही)
२. सविता भगवानराव लिपणे, शेजारी, रा. सेलू (सही)